कोलारच्या पाताळातला काळोख

दोन महिने यंत्र चालू होतं. काउंटर तपासून घेतलेले होते, जोडण्या नीट होत्या, वीज होती. तरी त्या दोन महिन्यांत एकही नोंद झाली नाही. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळजवळ पावणेतीन किलोमीटरवर हे यंत्र ठेवलेलं होतं. काळ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा. एस. मियाके, व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमणमूर्ती हे तिघे त्यामागे होते. यंत्र काहीच दाखवत नाही म्हटल्यावर एरवी शास्त्रज्ञाचा जीव टांगणीला लागतो. इथे मात्र त्या कोऱ्या नोंदीनेच पुढच्या तीस वर्षांची दिशा ठरवली.

ही कोरी नोंद एवढी मोलाची का, हे कळायला आधी वर यायला हवं, उघड्या आभाळाखाली. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून नव्या कणांचा पाऊस पडतो. त्यातला जमिनीपर्यंत टिकणारा मुख्य कण म्हणजे म्युऑन. तळहात आभाळाकडे करून धरलात तर मिनिटाला शंभरेक म्युऑन त्यातून आरपार जातात. घराचं छप्पर त्यांना अडवत नाही, डोंगरही लगेच अडवत नाही. खडकात किलोमीटरभर खाली गेलं तरी थोडे येतच राहतात. हा पाऊस पूर्ण थांबलेली जागा पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी सापडते. कोलारला ती सापडली होती.

ती शोधायला कुणी मुद्दाम खणलं नव्हतं. जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने १८८०पासून तिथे सोन्यासाठी खोल जायला सुरुवात केली. सोन्याची शीर तिरपी खाली जात होती, माणसं तिच्या मागे गेली. १९०२मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरून तारांनी इथे आणली, ती खाणीसाठीच. चॅम्पियन रीफची खाण पुढे तीन किलोमीटरच्याही खाली पोचली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींत मोजली जाऊ लागली. त्या खोलीची किंमत तिथल्या मजुरांनी मोजली. खाली खडक तापलेला असे, आणि वरच्या भाराने दबलेला खडक अचानक फुटून माणसं दगावत. कोलारच्या विज्ञानाची गोष्ट सांगताना ही माणसं परिघावर राहतात, याचं मला वाईट वाटतं. भौतिकशास्त्राला जी शांतता फुकट मिळाली, ती त्यांनी ऐंशी वर्षं खणून काढलेली होती.

होमी भाभांना ही खाण माहीत असणं स्वाभाविक होतं. १९३९मध्ये ते केंब्रिजहून सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध सुरू झालं आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी वैश्विक किरणांचं काम सुरू केलं. १९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली तीही आधी बंगळूरलाच. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. तिथून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत, आणि मग कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी.

या संस्थेत १९४८मध्ये बी. व्ही. श्रीकंठन नावाचा तरुण दाखल झाला. म्हैसूरजवळच्या नंजनगूडचा. भाभांनी त्याला कोलारच्या खाणीत उतरून वेगवेगळ्या खोलींवर म्युऑन मोजायला सांगितलं. म्युऑन पदार्थाशी नेमके कसे वागतात, हे त्या काळात पुरतं कळलेलं नव्हतं. जसजसं खाली जावं तसतशी त्यांची संख्या कशी घटते यावरून वर जन्मलेल्या कणांच्या ऊर्जेचाही अंदाज येत होता. गायगर काउंटर घेऊन पंचविशीतला हा माणूस पिंजऱ्यातून खाली गेला. खाणीत लिफ्टला पिंजराच म्हणतात. त्या मोजमापांवर त्याचा पीएच.डी.चा प्रबंध उभा राहिला. पुढे बारा वर्षं तो त्याच टाटा संस्थेचा संचालक होता.

आता न्यूट्रिनोकडे वळू. १९३०च्या डिसेंबरात वोल्फगांग पाउलीने एका पत्रात या कणाची कल्पना मांडली, कारण किरणोत्सर्गी ऱ्हासात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. हा कण विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजनहीन, आणि कशातच न अडकणारा. सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सहा हजार कोटी या दराने जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. १९५६मध्ये फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीजवळ यंत्र ठेवून त्याचं अस्तित्व सिद्ध केलं. १९६२मध्ये ब्रुकहेव्हनला प्रवेगकाच्या साहाय्याने दुसऱ्या जातीचा, म्युऑनबरोबर जन्मणारा न्यूट्रिनो सापडला. हे दोन्ही माणसाने स्वतः तयार केलेले न्यूट्रिनो होते. निसर्गात, वातावरणात वैश्विक किरणांतून जन्मलेला न्यूट्रिनो कुणी पकडलेला नव्हता.

तो पकडायची युक्ती सोपी होती, अडचण अंमलात होती. न्यूट्रिनो दिसत नाही, पण लाखो-करोडोंतला एखादा खडकातल्या अणुकेंद्राला धडकला तर त्यातून म्युऑन निघतो, आणि म्युऑन दिसतो. मात्र वरून येणाऱ्या म्युऑनांच्या पावसात हा एक म्युऑन ओळखायचा कसा? जमिनीवर अशक्य. म्हणून पाऊस थांबेल इतकं खाली जायचं. म्हणूनच ते दोन महिने महत्त्वाचे. वरचा म्युऑन तिथे पोचत नाही याची खात्री पटली, आता तिथे जो दिसेल तो न्यूट्रिनोच्या पोटचा.

अगदी खालचा तळ मात्र प्रयोगासाठी निवडला नाही. हीथकोट शाफ्टमधून पोचता येणारी २.३ किलोमीटरवरची जागा घेतली. कोलारचा खडक नेहमीच्या खडकापेक्षा जड आहे, घनता पाण्याच्या तिप्पट. म्हणजे डोक्यावर सात किलोमीटर पाणी असावं इतका आडोसा. एवढ्या खोलीवरही सरळ वरून एखादा म्युऑन येऊ शकतो. पण तो आडवा येऊ शकत नाही, कारण तिरप्या वाटेने त्याला कितीतरी जास्त खडक पार करावा लागतो. न्यूट्रिनोला दिशेचं बंधन नाही. तो आडवाही येतो, पृथ्वी ओलांडून पायाखालूनही येतो. म्हणून यंत्राच्या भिंती उभ्या ठेवल्या, आडव्या येणाऱ्यांची वाट पाहत. हा विचार मला त्या प्रयोगातला सर्वांत देखणा भाग वाटतो: काय दिसतं यापेक्षा कुठून आलं यावर सगळी मदार.

तीन संस्था एकत्र आल्या. मुंबईची टाटा संस्था, ओसाका सिटी विद्यापीठाचे मियाके आणि त्यांचे सहकारी, आणि इंग्लंडातल्या डरहॅम विद्यापीठाचे आर्नल्ड वुल्फेंडेल यांचा गट. भारताच्या बाजूने एम. जी. के. मेनन, श्रीकंठन, रमणमूर्ती, नरसिंहम आणि सी. व्ही. आचार. समोरासमोर दोन भिंती प्लास्टिक सिंटिलेटरच्या. कण गेला की यात क्षणभर मंद प्रकाश उमटतो आणि फोटोमल्टिप्लायर तो टिपतो. दोन्ही भिंतींत एकाच वेळी प्रकाश उमटला तरच ती नोंद धरायची. मधे शिशाचे थर आणि निऑन भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या रांगा. डरहॅमवाल्यांचा या नळ्यांत हातखंडा होता. सिंटिलेटरने इशारा दिला की नळ्यांवर उच्च दाबाची वीज सोडायची. कण ज्या नळ्यांतून गेला त्याच नळ्या पेटतात आणि कॅमेरा त्या ओळीचा फोटो घेतो. खाणीच्या उष्ण, दमट बोगद्यात ही नाजूक काच, हे विजेचे दाब, ही फिल्म सांभाळणं हे काम कुठल्याही सिद्धान्ताइतकंच कठीण होतं.

त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँडच्या सोन्याच्या खाणीत, राइन्स हेच करत होते. तेही तीन किलोमीटरच्या खाली. वर्णद्वेषाच्या कारणावरून भारताने १९४६पासून त्या देशाशी व्यापारसंबंध तोडलेले होते. दोन सोन्याच्या खाणी, एकच प्रश्न, आणि मधे एवढी मोठी दरी. राइन्स यांच्या यंत्रात पहिली खूण २३ फेब्रुवारी १९६५ला उमटली, कोलारची त्यानंतर. लेख मात्र कोलारचा आधी पोचला. ‘फिजिक्स लेटर्स’कडे तो १२ जुलैला दाखल झाला आणि १५ ऑगस्टच्या अंकात छापून आला. राइन्स यांचा लेख २६ जुलैला दाखल होऊन ऑगस्टच्या अखेरीस आला. पहिला कोण, या वादात मला रस नाही. कण आधी आफ्रिकेत दिसला, जगाने तो आधी कोलारकडून वाचला, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. अन्नधान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहणाऱ्या देशातली माणसं त्या उन्हाळ्यात जगाच्या बरोबरीने उभी होती, आणि तीही उसन्या यंत्राच्या बळावर नव्हे तर आपल्या जमिनीच्या खोलीच्या बळावर.

पुढच्या जानेवारीत, २४ तारखेला, भाभांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. टाटा संस्थेची धुरा मेनन यांच्याकडे आली, तेव्हा ते सदतिशीत होते. कोलारचं काम थांबलं नाही. ते वाढलंच.

सत्तरच्या दशकात खाणीतून काही विचित्र नोंदी आल्या. एकाच वेळी दोन-तीन रेषा, आणि त्या मागे नेल्या तर एकमेकींना भेटत त्या खडकात नव्हे, तर यंत्राच्या आतल्या मोकळ्या जागेत. हवेत न्यूट्रिनो धडकण्याची शक्यता नगण्य. मग खडकात जन्मलेला एखादा नवा, प्रोटॉनच्या दुपटीहून जड कण थोडं अंतर चालून मोकळ्या जागेत फुटला असेल का? १९७५मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला आणि ‘कोलार इव्हेंट्स’ हे नाव भौतिकशास्त्रात रूढ झालं. परदेशातल्या प्रवेगकांवर शोध घेतला गेला, तसं काही सापडलं नाही. पण चूक कुठे होती हेही कुणी दाखवलं नाही. २०१४च्या सुमारास एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी त्याच जुन्या नोंदी पुन्हा काढून विचारलं, हा कृष्णद्रव्याच्या कणाचा ऱ्हास तर नसेल? मोजक्या नोंदींवर उत्तर देता येत नाही. प्रश्न तसाच आहे.

यानंतरचा प्रयोग सर्वांत धाडसी. १९७४च्या आसपास एक विचार मूळ धरू लागला की निसर्गातली वेगवेगळी बलं मुळात एकच असावीत. तसं असेल तर प्रोटॉन अमर नाही, तोही कधीतरी फुटेल. ज्या प्रोटॉनांनी हा टेबल, हे पाणी, आपण बनलो आहोत, तेच एक दिवस नाहीसे होतील. आयुष्य अर्थात अफाट: एकवर शून्यं तीस-एकतीस इतकी वर्षं. एका प्रोटॉनची वाट पाहून उपयोग नाही, पण पुरेसे प्रोटॉन एकत्र ठेवले तर वर्षात एखादा फुटलेला दिसू शकतो. १९८०मध्ये कोलारच्या २.३ किलोमीटर खोलीवर १४० टन लोखंडाचं यंत्र चालू झालं. खास प्रोटॉनच्या ऱ्हासासाठी उभारलेलं जगातलं पहिलं. हिशेब साधा आहे: एवढ्या लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून आठवर एकतीस शून्यं इतके कण. आयुष्य एकवर एकतीस शून्यं इतकी वर्षं असेल, तर वर्षाला आठ फुटायला हवेत.

यंत्राची घडण बघण्यासारखी होती. दहा सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनी लोखंडी नळ्या, आत वायू, मधोमध ताणलेली तार. कण गेला की तारेवर विजेचा ठोका. अशा नळ्यांचे चौतीस थर, एक आडवा एक उभा, मधे लोखंडाच्या पाट्या. हे सारं सामान खाणीच्या पिंजऱ्यातून तुकड्यातुकड्यांनी उतरवायचं आणि खाली जुळवायचं. काही वर्षांतच प्रोटॉन फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही नोंदी त्यांनी जाहीर केल्या. जगभर खळबळ उडाली. १९८५मध्ये थोडं वर, दोन किलोमीटरवर, २६० टनांचं दुसरं यंत्र सुरू झालं.

पण तोवर खेळ मोठा झाला होता. अमेरिकेत ओहायोमधल्या मिठाच्या खाणीत ८००० टन पाणी, जपानमधल्या कामिओकाच्या जस्ताच्या खाणीत ३००० टन. लोखंडाऐवजी पाणी, आणि पाण्याभोवती डोळे लावून बसलेल्या फोटोमल्टिप्लायरच्या रांगा. त्यांना प्रोटॉन फुटताना दिसला नाही. कोलारच्या नोंदींना दुजोरा मिळाला नाही. आज त्याच जातीच्या जपानी यंत्रावरून काढलेली खालची मर्यादा एकवर चौतीस शून्यांपलीकडे आहे. कोलारच्या मंडळींनी जे पाहिलं ते बहुधा न्यूट्रिनोचेच धक्के असावेत, हे आता मान्य करायला हवं. त्यात कमीपणा नाही. जिथे कुणी पाहिलं नव्हतं तिथे त्यांनी आधी पाहिलं.

इथून पुढे कोलार आणि कामिओका या दोन खाणींच्या वाटा फुटतात.

कामिओकाच्या यंत्राच्या नावातच प्रोटॉनचा ऱ्हास होता. ‘कामिओकांदे’मधली शेवटची अक्षरं न्यूक्लिऑनच्या ऱ्हासाच्या प्रयोगाची. प्रोटॉन फुटला नाही, पण २३ फेब्रुवारी १९८७ला शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला आणि त्याचे अकरा न्यूट्रिनो त्या पाण्यात दिसले. जपानने त्याच डोंगरात ५० हजार टन पाण्याचं सुपर-कामिओकांदे बांधलं. १९९८च्या जूनमध्ये ताकाआकी काजिता यांनी सांगितलं की पृथ्वी ओलांडून पायाखालून येणारे म्युऑन-न्यूट्रिनो अपेक्षेच्या निम्मेच आहेत; वाटेत ते दुसऱ्या जातीत बदलतात. जात बदलते म्हणजे वस्तुमान आहे. काजितांना २०१५मध्ये आर्थर मॅक्डॉनल्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं. ज्यांनी हे गुपित उघड केलं ते न्यूट्रिनो म्हणजे वातावरणात जन्मणारे, कोलारने १९६५मध्ये पहिल्यांदा छापून आणलेले तेच.

तेव्हा कोलारला काय होतं? सोनं संपत आलेलं, खर्च परवडेनासा झालेला. खोल भाग एकेक करून बंद होत गेले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग आवरावे लागले. २८ फेब्रुवारी २००१ला खाणच बंद झाली. एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलेल्या गावाच्या हाती सायनाइड मिसळलेल्या मातीचे उजाड ढिगारे आणि बेकार झालेली कुटुंबं उरली. पाण्याचे पंप थांबले तसे शाफ्ट पाण्याने भरत गेले.

त्याच वर्षी, जून २००१मध्ये, कामिओकातलं खाणकामही थांबलं. पण तिथे डोंगर विज्ञानाने आधीच ताब्यात घेतलेला होता. नोव्हेंबरात सुपर-कामिओकांदेमध्ये फोटोमल्टिप्लायरची एक नळी फुटली आणि तिच्या धक्क्याने हजारो नळ्यांचा चुराडा झाला. अकरा हजारांतल्या निम्म्याहून जास्त. जपान्यांनी उरलेल्या नळ्या वाटून लावल्या आणि पुढच्याच वर्षी यंत्र पुन्हा सुरू केलं. कोलारचा किमान एक मजला, एक पंप, एक शाफ्ट विज्ञानासाठी जिवंत ठेवता आला नसता का? खोल खाणीत पाणी उपसणं आणि हवा खेळती ठेवणं फार महागडं असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही हा प्रश्न मनातून जात नाही.

कारण पुढे आपल्याला तीच खोली नव्याने मागावी लागली. ‘भारतीय न्यूट्रिनो वेधशाळे’ची योजना आली: ५० हजार टन चुंबकित लोखंड, ज्यात म्युऑनची वाट डावीकडे वळते की उजवीकडे हे पाहून न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखता येतील, आणि तिन्ही न्यूट्रिनोंत जड कोण, हलका कोण हा आजचा मोठा प्रश्न सोडवता येईल. योजनेचे एक अध्वर्यू, नब मंडल, तरुणपणी कोलारच्या प्रोटॉन प्रयोगात घडलेले. नीलगिरीतल्या सिंगाराची जागा २००९मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून नाकारली गेली. मग तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात पोट्टिपुरम ठरलं. २०१५च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटी रुपये मंजूर केले. त्यानंतर गावकऱ्यांची भीती, न्यायालयं, राज्य सरकारचा विरोध. पश्चिम घाटाच्या डोंगरात नवा बोगदा खणायचा म्हटल्यावर शेजारच्या माणसाला काळजी वाटणारच, आणि ती मोकळेपणाने ऐकून घेण्यात सुरुवातीलाच कमी पडलो असं मला वाटतं. दरम्यान चीनमध्ये २० हजार टन द्रवाचं यंत्र याच प्रश्नासाठी २०२५मध्ये सुरू झालं. आपल्याकडे मदुराईत ८५ टनांचं छोटं नमुना-यंत्र जमिनीवर उभं आहे. झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटरवर एक छोटी प्रयोगशाळा झाली, कृष्णद्रव्याच्या शोधासाठी. पुन्हा खाणच, पण कोलारच्या पाव खोलीची.

कोलारची विद्या मात्र पूर्ण बुडाली नाही. उटीला, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरवर, टाटा संस्था आणि जपानी सहकाऱ्यांचं ‘ग्रेप्स-३’ आजही चालू आहे. मोकळ्या माळावर सिंटिलेटरच्या रांगा, आणि काँक्रीटच्या जाड छपराखाली ५६० चौरस मीटरची म्युऑन-दुर्बीण. आत ३७१२ नळ्या आहेत. चौकोनी, लोखंडी, दहा सेंटिमीटर रुंद, आत वायू आणि मधोमध ताणलेली तार: कोलारला प्रोटॉनची वाट पाहणाऱ्या नळ्यांचीच जात. म्युऑन चुकवण्यासाठी ज्यांना २.३ किलोमीटर खाली उतरवलं होतं, त्या जातीच्या नळ्या आता डोंगरमाथ्यावर दिवसाला चारशे कोटी म्युऑन मोजतात. २२ जून २०१५च्या रात्री सूर्याकडून आलेल्या वादळाने पृथ्वीचं चुंबकीय कवच तात्पुरतं दुबळं झालं, तेव्हा दोन तास हा आकडा वाढलेला त्यांनी टिपला.